पाण्यातून काढलेल्या बातम्या

"पाण्यातून काढली का?"

कुणी दुकानाच्या पायरीवर पाय ठेवून "मास्टर, ऐकलं का?" असं म्हणालं, की मास्टर मान वर न करता हा प्रश्न विचारायचे. विचारताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायचे, कापडाचा पोत बघावा तसे. ज्यांना शिवणातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुती कापड कापायच्या आधी एक रात्र पाण्यात भिजवून वाळवतात. तसं केलं नाही, तर शिवलेला सदरा पहिल्याच धुण्यात आटतो आणि गिऱ्हाईक भांडायला येतं. मास्टरांचं म्हणणं असं, की बातमीचंही तसंच आहे.

"बातमी आणली की एक रात्र पाण्यात घालायची, साहेब. सकाळी बघायचं. आटली तर आटली. जेवढी उरंल तेवढीच कापायची."

मुकुंदवाडी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पोटातल्या एका गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान होतं. दुकानाच्या दर्शनी भिंतीवर काळा फळा टांगलेला. गावोगावी चौकात वार्ताफलक असतात, ते तुम्हीही पाहिले असतील. कुणाचा वाढदिवस, कुणाचा दशक्रिया विधी, कुणाचं हार्दिक अभिनंदन. मास्टरांच्या फळ्यावर यातलं काही नसे. तिथं रोज तीनच बातम्या: एक यंत्राची, एक विज्ञानाची, एक जगाची.

"गल्लीची बातमी का नाही लिहीत?" मी एकदा विचारलं.

"ती गल्लीला आधीच माहीत असती. मला बी त्यांच्याकडूनच कळती."

फळा ते कापडावर खुणा करायच्या चपट्या खडूनं लिहायचे. निळा यंत्राला, गुलाबी विज्ञानाला, पांढरा जगाला. त्या खडूची धार पातळ आणि अंग रुंद, त्यामुळं अक्षराला आपोआप जाड-बारीक वळण यायचं. लिहून झालं की चार पावलं मागं सरकून, एक डोळा मिटून बघायचे. वाचायचे नाहीत, फळा अंगाला नीट बसलाय की नाही ते बघायचे.

माझी भरती या उद्योगात कशी झाली तेही सांगतो. विमा कार्यालयातून निवृत्त झाल्यावर सकाळी करायला काही उरलं नव्हतं. पँटची कंबर सैल करायला म्हणून गेलो आणि बाकावर बसलो, तो बसलोच. मी इंग्रजी वर्तमानपत्र वाचून मराठीत सांगायचो. मास्टरांकडं उर्दू पेपरातली बातमी आणि रेडिओ. शिवाय गिऱ्हाइकांनी मोबाइलवर पाठवलेला माल, तो सगळ्यात जास्त भिजवावा लागे. बहुतेक सकाळी त्यातलं काहीच उरलेलं नसे.

प्रत्येक बातमीखाली ते एक ओळ स्वतःची घालायचे. तिला ते ‘अस्तर’ म्हणत. नुसती बातमी अंगाला टोचते, असं त्यांचं मत. मंगळावर वाळलेल्या नदीची खूण सापडली, त्याखाली अस्तर: "आपली सुखना नदी बघून या. तशीच हाय, भाडं कमी लागतं." परदेशात बिनड्रायव्हरची मोटार रस्त्यावर आली, त्याखाली: "आपल्याकडं ड्रायव्हर बसलेला असतो, फरक एवढाच." यंत्राला आता माणसासारखं बोलता येतं, अशी बातमी मी मोठ्या उत्साहानं आणली, तेव्हा मास्टरांनी एक रात्र वाट पाहिली आणि खाली लिहिलं: "ऐकून घेता येतं का, ते कळवावं." दोन देशांनी लढाई थांबवली तेव्हा: "जावाजावांनी वाचावं." त्या दिवशी दोन घरांतल्या बायका शिवायला टाकलेले ब्लाउज परत घेऊन गेल्या.

बातमी एक दिवस उशिरानं यायची, म्हणून टिंगलही व्हायची. "मास्टर, शिळं वाढताय!" असं कुणी म्हणालं, की मास्टर मशीन न थांबवता म्हणायचे, "शिळी भाकर दुधात लई गोड लागती. घरून दूध आणा."

ते मूळचे पाचोडचे. तिथल्या आठवडी बाजारात झाडाखाली मशीन मांडून काम शिकलेले. त्यामुळं जगातली सगळी अंतरं त्यांच्या लेखी पाचोडपासून मोजली जायची. भूकंप कुठं झाला, हे सांगितलं की पहिला प्रश्न, "पाचोडच्या अलीकडं का पलीकडं?" पलीकडं म्हटलं की ते हळहळायचे, पण निवांत हळहळायचे.

फळ्याला एक नेमाची वाचक होती. आमच्याच गल्लीत राहणाऱ्या, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. वय ऐंशी ओलांडलेलं, बारीक अंगकाठी, कडक इस्त्रीची सुती साडी. यजमान गेलेले, मुलगी परदेशात, घरात एकट्या. निम्म्या गल्लीनं त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेल्या. पोटं सुटलेले बाप्ये त्यांना बघून आजही हातातली विडी पाठीमागं लपवायचे. रोज सकाळी त्या फळ्यासमोर उभ्या राहून तिन्ही बातम्या ओठ हलवत वाचायच्या, मान हलवायच्या आणि जायच्या. अस्तराला कधी हसल्या नाहीत. आम्हाला वाटायचं, आवडत नसेल. खरं कारण नंतर कळलं. त्यांना ते अस्तर आहे हेच माहीत नव्हतं. त्या ते बातमीचाच भाग म्हणून वाचत होत्या. जन्मभर त्यांनी मुलांना एकच शिकवलं होतं, की फळ्यावर खोटं लिहायचं नसतं. मग फळ्यावर लिहिलेलं खोटं कसं असेल?

आता त्या दिवसाकडं येतो. हा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

उन्हाळा होता. गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवर कुरडया-पापड पसरलेले. सकाळी माझ्या वर्तमानपत्रात होतं की एक जुना, बंद पडलेला उपग्रह आज कधीतरी पृथ्वीवर कोसळणार, कुठं ते सांगता येत नाही, बहुधा समुद्रात. मी धावतच दुकान गाठलं.

"पाण्यात घाला," मास्टर म्हणाले.

"अहो, आज पडणार आहे तो! उद्या लिहून काय करता? तोवर खाली येऊन बसलेला असेल."

"तसं बी तो आपलं वाचून पडणार नाय, साहेब."

पण मी हट्टाला पेटलो. एकदा तरी आपली बातमी ताजी असावी, असं मला फार वाटत होतं. शेवटी मास्टरांनी गुलाबी खडू उचलला. नाराजीनं लिहिलं. अस्तर काय घालावं ते त्यांना सुचेना, तेव्हा तेही मीच सुचवलं: "गच्चीवरची वाळवणं उचलून घ्यावीत."

लिहून झाल्यावर ते मागं सरकले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "कोरं कापड कापलं आज. आटणार हे."

दुपारपर्यंत गल्लीत मजा चालली होती. बायका गच्चीवरून एकमेकींना ओरडत होत्या, "तुझ्या कुरडयांवर पडला का गं?" घराघरात टीव्ही लागलेले. एका वाहिनीवर पेटलेला गोळा पृथ्वीकडं येतोय असं चित्र, त्यावर भोंगा, आणि निवेदक असा किंचाळत होता की गोळा त्याच्याच खुर्चीवर येतोय.

उन्हं कलायच्या आत बाई दुकानात आल्या. यायची वेळ नव्हती ती. भिंतीला खेटून, पत्र्यांच्या आडोशानं येत होत्या. मोकळी जागा लागली की थांबायच्या, वर बघायच्या, आणि भरभर पलीकडं जायच्या. हातात पिशवी. आत आल्यावर स्टुलावर बसल्या आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली. त्यात यजमानांचा फोटो होता. चौकटीचा कोपरा बाहेर आलेला दिसत होता.

"मास्टर, तुमचं हे टेबल सागवानी आहे ना?"

"व्हय बाई. निजामाच्या टायमाचं हाय. का बरं?"

"काही नाही. विचारलं."

तेवढ्यात स्टेशनात गाडीची शिट्टी वाजली आणि बाईंनी दोन्ही हात डोक्यावर घेतले. लगेच खाली घेतले, केस सारखे केल्यासारखं केलं. पण आम्ही दोघांनी पाहिलं होतं.

मला हसू आलं. बाईंना दुसरं काही झालेलं नव्हतं, म्हणून सुटकेचं हसू होतं ते. मी तोंड उघडलं, "अहो बाई, ती वाळवणाची ओळ म्हणजे—" एवढ्यात टेबलाखालून मास्टरांनी माझा पाय दाबला. चांगला जोरात. त्यांच्या ओठात सुई होती. ती काढून त्यांनी गळपट्टीवर टोचली आणि घसा खाकरला.

"बाई, एक सांगू का? हसू नका. मला लई भ्या वाटायलंय."

बाईंनी मान वळवली.

"सकाळपासून हात चालंना. मला टेबलाखाली बसायचं होतं, पण एकट्याला बसायला लाज वाटती. हे साहेब हसतेत. तुम्ही जरा सोबत बसता का?"

तुम्ही कधी विझत आलेला कंदील वात वर केल्यावर मोठा होताना बघितलाय? बाईंचा चेहरा तसा झाला. पाठ सरळ झाली. आवाज शाळा सुटायच्या घंटेसारखा खणखणीत.

"एवढा मोठा माणूस, आणि भिता? काही होत नाही. चला. सरका आत."

आणि पदर खोचून, गुडघ्यावर हात ठेवत, बाई त्या टेबलाखाली गेल्या. त्यांच्या मागं मास्टर. चिंध्यांचं गाठोडं बाईंच्या पाठीला दिलं, स्वतः भिंतीला टेकले. मी बाकावर, त्या दोघांचे पाय बघत.

"डोळे मिटा आणि पाढे म्हणा," बाईंचा आवाज आला. "भीती जाते. एकोणतीसचा घ्या."

"एकोणतीसचा? बाई, त्याच्यापेक्षा उपग्रह परवडला."

"म्हणा!"

मास्टर सुरू झाले. सातव्या पायरीवर अडखळले. "एकोणतीस सत्ते... दोनशे सहा?"

"दोनशे तीन! पुन्हा पहिल्यापासून."

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच दोनशे सहा. मग दोनशे नऊ. एकदा तर एकशे नव्वदवर माघार. बाई इतक्या चिडल्या की शिट्टी मारत दुसरी गाडी येऊन गेली ती त्यांना कळलीसुद्धा नाही. माणसाला इतका अवघड पाढा इतक्या वेगवेगळ्या तऱ्हेनं चुकवता येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मी वाकून बघितलं. टेबलाखाली अंधार होता. मास्टर पाढा चुकवता चुकवता कुणाच्या तरी ब्लाउजला हूक लावत होते. दोरा संपला, तर नवा घेतला, ओठात ओला केला आणि सुईत ओवला. पहिल्या फटक्यात. घाबरलेल्या माणसाला सुईत दोरा ओवता येत नाही. एवढं मलाही कळतं.

संध्याकाळच्या सुमारास समोरच्या घरातल्या टीव्हीचा भोंगा थांबला. उपग्रह कुठल्या तरी महासागरात पडला होता, पाचोडच्या पुष्कळ पलीकडं. बाई बाहेर आल्या, निऱ्या झटकल्या.

"पडला समुद्रात. या आता बाहेर. आणि इतकं घाबरायचं नसतं, मास्टर."

"व्हय बाई. तुम्ही होता म्हणून."

बाई गेल्या. मास्टर सांडलेले हूक गोळा करायला आतच राहिले. तेवढ्यात ब्लाउज न्यायला आलेल्या दोघी-तिघी आणि त्यांच्या मागं नाक्यावरची चार माणसं दुकानासमोर उभी राहिली. "अगं बया! मास्टर टेबलाखाली काय करायलेत?"

मास्टर बोलायच्या आत मी बोललो. "उपग्रहाला भिऊन बसलेत!"

असा हशा पिकला म्हणता! मास्टरांनी तिथूनच माझ्याकडं एकदा पाहिलं. मग म्हणाले, "व्हय. भ्या वाटलं."

मला तिथं थांबता आलं असतं. पण माणसानं एकदा हशा पिकवला की तो थांबत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या गोष्टीत कुकरचं झाकण घातलं, मास्टरांनी डोक्यावर धरलेलं. पुढच्या आठवड्यात शिट्टीसकट. वर्षभरात मास्टर ‘मेलो, मेलो’ ओरडायला लागले. लग्नात, बारशात, बँकेच्या रांगेत लोक म्हणायचे, "साहेब, ती टेबलाची सांगा." आणि कुणी शंका काढली तर बाई होत्याच. "खरं आहे. मी तिथं होते. फार घाबरले होते बिचारे. मी पाढे म्हणून घेतले त्यांच्याकडून." दोन साक्षीदारांची बातमी! त्यातल्या एक तर शाळेच्या बाई. ती पाण्यातून काढायची गरज कुणालाच वाटली नाही.

मास्टर हसून घ्यायचे. "आज वरून काय येणार, मास्टर?" कुणी विचारलं की वर बघून म्हणायचे, "आज कावळ्याचंच, बाकी काय नाय." मला वाटायचं, त्यांना काहीच लागत नाही.

मग फेब्रुवारी आला. जवळच्या एका शाळेत दरवर्षी विज्ञान दिनाचा फळा मास्टर लिहायचे. मुलांसमोर, रंगीत खडूंनी. त्या दिवसासाठी स्वतःला जाकीट शिवायचे, दरवर्षी नवं. गिऱ्हाइकांची कामं खोळंबवून. त्या वर्षी बोलावणं आलं नाही. नव्या मुख्याध्यापकांनी मला रस्त्यात गाठून हसत सांगितलं, "तुम्हीच सांगा, टेबलाखाली बसणाऱ्याला विज्ञान दिनाला कसं बोलवायचं? पोरं हसतील हो." मी तुमच्यासमोर खोटं बोलत नाही, मीही हसलो. सवयीनं.

दुकानात गेलो तर मास्टर राखाडी जाकिटाला काजं करत होते.

"साहेब, यंदा शाळेतून कुणी आलं नाय अजून."

मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, आत्ता जातो, मुख्याध्यापकांना खरं काय ते सांगून येतो. मास्टरांनी सुई थांबवली नाही.

"नको. शाळेत गेलं म्हंजी बाईंच्या कानावर गेलं. मास्तर लोक सगळे त्यांच्या वळखीचे."

"अहो पण तुमचं नाव—"

"माझं काय, साहेब? मी शिंपी माणूस. लोकांनी कमरेला सैल केलं, मी पुन्हा टीप घालतो."

जाकीट पुरं झालं. बरेच दिवस हँगरला होतं. मग एका नवरदेवाच्या मामाला मापाचं आलं, त्याला देऊन टाकलं.

फळा चालू राहिला. पण गुलाबी खडूला त्यानंतर त्यांनी अस्तर घातलं नाही. विज्ञानाची बातमी कोरडी लिहायचे. बाई येऊन वाचायच्या, मान हलवायच्या आणि जाताना विचारायच्या, "आता भीती नाही ना वाटत?"

"नाय बाई. तुम्ही हायत तवर कशाला?"

गेल्या वर्षी मास्टर आजारी पडले. मी दवाखान्यात जायचो, वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. आवाज बसला होता, तरी अंगठा आणि तर्जनी चादरीचा काठ चोळत असायची. एकदा वाचता वाचता मी थांबलो आणि म्हणालो, "मास्टर, आता तरी सांगू द्या लोकांना. मला झोप लागत नाही."

"तुम्हाला झोप यावी म्हणून बाईंना जागवू का?" मग बराच वेळ दम घेऊन म्हणाले, "साहेब, त्यांना जन्मभर मारायला लई पोरं मिळाली. वाचवायला मी एकटाच."

आणि हसले. ते हसणं खोकल्यात गेलं, सिस्टर धावत आली आणि मला बाहेर काढलं. त्यानंतर आमचं नीट बोलणं झालं नाही.

ते गेले. तिसऱ्या दिवशीच्या जियारतीनंतर गल्लीनं शोकसभा घेतली. दोन-चार जण बोलले, आणि मग अपेक्षेप्रमाणं कुणीतरी म्हणालं, "साहेब, टेबलाची सांगा. मास्टरांना आवडायची." मी उठलो. तेवढ्यात पहिल्या रांगेतून बाई उठल्या. दोघींनी धरून उभं केलं त्यांना.

"ते भित्रे होते," बाई म्हणाल्या. सगळे हसायच्या तयारीत. "पण सांगितलेलं ऐकलं त्यांनी. इतका घाबरलेला आणि इतका आज्ञाधारक मुलगा मला आख्ख्या नोकरीत भेटला नाही. पाढा मात्र शेवटपर्यंत आला नाही त्यांना."

लोक हसले, डोळे पुसले, पुन्हा हसले. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, कुकरच्या झाकणासाठी. मी खाली बसलो.

या पावसाळ्यात बाईही गेल्या. म्हणून हे आज लिहितो आहे. मास्टर घाबरले नव्हते. उपग्रह आपल्या अंगावर पडेल, असं त्यांना एक क्षणही वाटलं नव्हतं. वाळवणाची ओळ माझी. झाकण माझं. शिट्टीही माझीच. उद्या नाक्यावर कुणी ती गोष्ट सांगायला लागलं, तर एवढं मात्र सांगा.

आणि एक राहिलं. ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी दुकानासमोर सगळे हसत असताना कुणीतरी ओरडलं, "मास्टर, कसे बसला होता, दाखवा की!" आणि मास्टरांनी खरंच दाखवलं. पुन्हा आत सरकले, गुडघे छातीशी घेतले, हात डोक्यावर ठेवले. लोक पोट धरून हसत होते. मास्टर मात्र त्यांच्याकडं बघत नव्हते. लोकांच्या पायांमधून त्यांना गल्ली दिसत होती, म्हणून मीही वाकून तिकडं पाहिलं. बाई घराकडं चालल्या होत्या. रस्त्याच्या अगदी मधोमध. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, तरी बाजूला होत नव्हत्या. वर त्यांनी एकदाही बघितलं नाही.